बावीस फुटांचा संसार

२०२४च्या दिवाळीत मी पिंपळगाव बसवंतला मावशीकडे गेले होते. चहा झाला. काकांनी आपला कप उचलला, स्वयंपाकघरात नेला, पेलाभर पाण्यात विसळला आणि ओट्यावर पालथा घातला. मी बघतच राहिले. जेवून उठताना ज्यांनी आयुष्यात कधी आपलं ताट जागेवरून हलवलं नाही, आंचवायलाही ज्यांना तांब्या हातात लागायचा, ते हे काका!

माझा चेहरा पाहून मावशी हसली. म्हणाली, "अगं, अमेरिकेत शिकून आलेत. तिथे आम्ही सहा दिवस ट्रकमध्ये संसार केला ना!"

ट्रकमधला हा संसार कसा झाला, ते मग मी रात्री उशिरापर्यंत ऐकत बसले. या सदरात आपण नेहमी घरातल्याच गोष्टी बोलतो. आजची गोष्टही घरातलीच आहे. फक्त त्या घराला चाकं होती.

घर निघालं फिरायला

मावशीचा मुलगा कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असतो. आईवडिलांनी यावं म्हणून तो किती वर्षं मागे लागला होता. पण द्राक्षबागायतदाराला रजा कुठली? एप्रिलची छाटणी, मग ऑक्टोबरची छाटणी, पुढे विरळणी, डिपिंग, फवारण्या आणि शेवटी व्यापाऱ्याची वाट. त्यातून नोव्हेंबर २०२३मध्ये निफाड तालुक्यात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली आणि मावशीच्या बागेचंही हातातलं पीक गेलं. कर्ज तसंच राहिलं. काका गप्प गप्प राहू लागले. शेवटी मुलाने तिकिटंच पाठवली. धाकट्या दिराने फवारण्यांची जबाबदारी घेतली आणि ऑक्टोबर छाटणीच्या आत परत यायचं असं ठरवून हे दोघं सप्टेंबरमध्ये निघाले.

पहिला आठवडा कौतुकात गेला. मग मुलगा आणि सून सकाळी कामावर गेले, की दोघं घरात टीव्हीसमोर. काका दिवसातून चार वेळा शेजारच्या अंगणातलं लिंबाचं झाड बघून यायचे. सुनेच्या ते लक्षात आलं. तिने सुचवलं, "बाबा, तुम्ही दोघं आरव्ही घेऊन जा ना. नापाच्या द्राक्षबागा बघा, पुढे रेडवूडची जंगलं बघा. आम्हाला आत्ता रजा नाही, पण तुम्ही का अडकून बसायचं?"

आरव्ही म्हणजे चालतं घर. ट्रकच्या सांगाड्यावर खोली बांधलेली असते. तिच्यात गॅसची शेगडी, फ्रिज, छोटं न्हाणीघर, संडास, जेवायचं टेबल आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग. टेबल खाली पाडलं, की त्याचाही पलंग होतो. ही गाडी भाड्याने मिळते. मावशी-काकांची बावीस फूट लांब होती.

काकांनी चाळीस वर्षं ट्रॅक्टर चालवलाय, पिकअपमध्ये द्राक्षाच्या पेट्या भरून रातोरात वाशी मार्केट गाठलंय. भारतातल्या परवान्यावर पाहुण्याला कॅलिफोर्नियात गाडी चालवता येते आणि एवढ्या आकाराच्या आरव्हीला तिथे वेगळा परवाना लागत नाही. मुलाने आग्रह केल्यामुळे काकांनी नाशिकहून आंतरराष्ट्रीय परवानाही करून आणला होता. एका रविवारी मुलाने रिकाम्या वाहनतळावर त्यांच्याकडून दोन तास सराव करून घेतला. स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडचा. वळताना गाडीचं शेपूट बाहेर फेकलं जातं, तेही लक्षात ठेवायचं. मावशीने पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात "उजवीकडे" असं लिहून ते काचेखाली चिकटवलं. मोबाइलमधला नकाशाही तिच्याच ताब्यात. काकांचं इंग्रजी औषधांच्या बाटल्या आणि एक्स्पोर्टचे कागद वाचण्यापुरतं. मावशी बारावी शिकलेली. तेव्हा रस्त्यावरच्या पाट्या वाचायचं कामही तिच्याकडे आलं.

"लग्नाला अडतीस वर्षं झाली," मावशी मला म्हणाली, "पण यांनी माझं ऐकून गाडी वळवली ती तिथेच!"

तीन टाक्या

या घरात सगळ्यात महत्त्वाच्या तीन टाक्या. एक स्वच्छ पाण्याची, दुसरी भांड्यांच्या आणि अंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची. पहिली भरून घ्यायची आणि उरलेल्या दोन ठरलेल्या जागी जाऊन जाड नळीने रिकाम्या करायच्या. आधी संडासाची, मग सांडपाण्याची, म्हणजे मागून येणाऱ्या पाण्याने नळी धुऊन निघते.

मावशीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "स्वयंपाक मी करीन. ते काम माझं नाही."

काकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण हातमोजे चढवले. करणार काय? हाक मारायला गडी नव्हता. शेजारच्या आरव्हीतला सत्तरीचा गोरा म्हातारा तेच काम शीळ घालत करत होता.

स्वच्छ पाण्याच्या टाकीने तर काकांना पुरतं बदललं. टाकीत पाणी किती उरलं, ते भिंतीवरच्या दिव्यांवरून कळायचं. मावशी घरच्या सवयीने भांडी घासू लागली, तसे दिवे भराभर उतरले. काका ठिबकवाले शेतकरी. थेंबाचा हिशोब त्यांच्या अंगात मुरलेला. "थांब, मी दाखवतो," म्हणून त्यांनी पेलाभर पाण्यात दोन ताटं विसळून दाखवली. आणि तिथेच फसले. त्या दिवसापासून भांडी त्यांच्याकडे आली ती आली.

मावशीचीही फजिती झालीच. पहिल्या संध्याकाळी तिने पिठल्याला मिरच्यांची फोडणी घातली आणि छताला लावलेला धुराचा भोंगा असा काही कोकलला, की आजूबाजूचे लोक बाहेर आले. पुढे फोडणीआधी खिडक्या आणि छताची झडप उघडायची, पंखा लावायचा आणि काकांनी भोंग्याखाली वर्तमानपत्राने वारा घालत उभं राहायचं, असा नेमच पडला.

नापामधली द्राक्षं

पहिला मुक्काम नापा खोऱ्यात, कॅलिस्टोगा गावाजवळच्या सरकारी उद्यानातल्या तळावर. हे खोरं सुमारे पन्नास किलोमीटर लांब आणि रुंदीला फारच कमी. दोन्ही बाजूंना डोंगर आणि मध्ये नुसत्या द्राक्षबागा. १९७६मध्ये पॅरिसला फ्रेंच परीक्षकांनी बाटल्यांवरची नावं झाकून वाइनची चव घेतली. तेव्हा लाल आणि पांढऱ्या, दोन्ही गटांत नापाच्या वाइन पहिल्या आल्या. त्या दिवसापासून हे खोरं जगाच्या नकाशावर आलं.

सप्टेंबर म्हणजे तिथला काढणीचा हंगाम. थंडाव्यासाठी बऱ्याच बागांत रात्रीच दिवे लावून द्राक्षं तोडतात. पहाटे ट्रॅक्टरचा आवाज ऐकून काका उठून बसले. क्षणभर त्यांना वाटलं, आपण घरीच आहोत.

दिवसभर दोघं बागांच्या कडेने फिरले. आपल्यासारखा मांडव तिथे नाही. कमरेइतक्या उंचीच्या तारांवर वेली बांधलेल्या. मणी हरभऱ्याएवढे. काका म्हणाले, "ही फुगवण कसली? यातला एक घड एक्स्पोर्टला लागला नसता!" पण वाइनला लहान मणीच लागतो. मण्याच्या मानाने साल जास्त असली, की रंग आणि चव उतरते. आपण मणी फुगवायला धडपडतो, ते लोक तो लहान राहावा म्हणून.

ओळींच्या टोकाला काही ठिकाणी गुलाब लावलेले होते. भुरी आधी गुलाबावर दिसते, म्हणजे वेलीला वेळेवर औषध मारता येतं, असा जुना समज. आता ते शोभेसाठीच जास्त. काकांना परक्या मुलखात भुरी भेटली आणि त्यांना फार बरं वाटलं!

खरं तर नातं त्याहून जुनं आहे. नाशिककर ज्याला नुसतं "थॉमसन" म्हणतात, त्या बिनबियांच्या द्राक्षाला हे नाव मिळालं ते विल्यम थॉमसन या कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यामुळे. १८७०च्या दशकात त्याने ही जात तिथे लावली. आपल्या बागा ज्या डॉगरिज खुंटावर कलम करतात, तो खुंटही अमेरिकेतल्या रानद्राक्षाचा. आणि सुलाचे राजीव सामंत कॅलिफोर्नियातली नोकरी सोडूनच नाशिकला परतले आणि १९९०च्या दशकात त्यांनी इथे वाइनची द्राक्षं लावली.

एका वायनरीत दोघं आत गेले. तिथे पैसे भरून चार-पाच वाइनची चव घेता येते. पण चालकाने प्यायची नाही, हा साधा नियम. त्यामुळे काका बाजूला उभे आणि मावशीने आयुष्यात पहिल्यांदा वाइनचा घोट घेतला. तोंड वेडंवाकडं केलं. म्हणाली, "ताक बरं."

डोंगरावर जळलेली झाडं अजून उभी होती. २०१७मध्ये कॅलिस्टोगाजवळ लागलेली आग थेट सांता रोझा शहरात घुसली होती. २०२०च्या आगीत तर नापातल्या वायनरी जळाल्या आणि धुराचा वास द्राक्षात उतरल्यामुळे कित्येकांनी त्या वर्षी पीक तोडलंच नाही. काका बराच वेळ त्या डोंगराकडे बघत राहिले. "म्हणजे यांनाही सुटका नाही," एवढंच बोलले.

जाता जाता मावशीने एक माहितीपत्रक वाचून दाखवलं. सेंट हेलेना गावाजवळ १८८६मध्ये जोसेफीन टायक्सन या बाईने नवऱ्याच्या मृत्यूनंतर स्वतःची वायनरी उभी केली. नापामध्ये असं करणारी पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात.

"म्हणजे नवरा गेल्यावरच बाईचं नाव लागतं म्हणायचं," मावशी म्हणाली. काका हसले. तेव्हा तो विनोदच होता.

रात्रीचा फोन

दुसऱ्या रात्री नऊच्या सुमाराला काकांचा फोन वाजला. तिथे रात्रीचे नऊ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेनऊ. काका हळू आवाजात बोलत होते. पण बावीस फुटांत हळू बोललेलंही सगळं ऐकू येतं. घरी असते तर काका फोन घेऊन बांधावर गेले असते. तिथे बाहेर काळोख आणि थंडी.

"कुणाचा फोन?" मावशीने विचारलं.

"काही नाही. हायवेलगतच्या तीन एकरांचं चाललंय."

"कसलं?"

"गोदामासाठी गिऱ्हाईक आहे. गेलं की इसार घेऊ म्हणतोय."

मावशीच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. या तीन एकरांवर सहा वर्षांपूर्वी लावलेली नवी बाग होती. खड्डे घेण्यापासून मावशी तिथे राबली होती. डिपिंगच्या बायकांना पहाटे गोळा करायचं, त्यांच्या बरोबरीने घड बुडवायचे, विरळणीला दिवस दिवस मान वर करून उभं राहायचं, रात्री मजुरीचा हिशोब वहीत लिहायचा, हे सगळं तिचंच.

"मला विचारलंत का?"

"त्यात विचारायचं काय? सातबारा माझ्या नावावर आहे."

झालं. पुढे दोघांपैकी कुणी बोललं नाही. काका दार उघडून बाहेर गेले आणि थंडीमुळे पाच मिनिटांत परत आले. दुसरी खोली असती तर एकाने तिथे जाऊन झोपावं. इथे एक वरच्या पलंगावर, एक टेबलाच्या. मावशी म्हणते, "रात्रभर मला त्यांच्या कुशी बदलण्याचा आवाज येत होता. आणि त्यांना माझा."

सकाळी निघाले. कॅलिस्टोगाहून नागमोडी रस्त्याने मोठ्या महामार्गाकडे जाताना एका वळणावर कपाट उघडलं आणि कुकर, ताटं, मसाल्याचा डबा, सगळं खाली आलं. कपाटाची कडी लावायला मावशी विसरली होती.

"साधी कडी लावता येत नाही?" काका ओरडले.

"कडी मला विचारून लावतात होय?" मावशी म्हणाली.

त्यानंतर पुढची शे-दीडशे मैल "उजवीकडे", "सरळ" आणि "हळू" एवढे तीनच शब्द त्या घरात बोलले गेले. गाडीत हळदीचा वास भरून राहिला होता.

राक्षसी झाडांच्या सावलीत

कॅलिस्टोगापासून उत्तरेला पावणेदोनशे मैलांवर हम्बोल्ट रेडवूड्स हे उद्यान आहे. तिथे महामार्ग सोडून जुन्या रस्त्याला लागायचं. सुमारे एकतीस मैलांच्या या रस्त्याचं नावच "राक्षसांचा मार्ग". दुपारचे तीन वाजले होते, पण आत शिरताच काकांनी दिवे लावले. दोन्ही बाजूंना सरळसोट तांबूस खोडं. काचेतून शेंडा दिसेना म्हणून त्यांनी गाडी कडेला घेतली आणि दोघं खाली उतरले.

रेडवूड हे जगातलं सगळ्यात उंच झाड. आज माहीत असलेलं सगळ्यात उंच रेडवूड याच किनाऱ्यावर आणखी उत्तरेला आहे. ते २००६मध्ये सापडलं. त्याची उंची सुमारे ११६ मीटर. कुतुबमिनारावर आणखी अर्धा कुतुबमिनार ठेवला तरी त्याची बरोबरी होणार नाही. लोकांच्या पायांनी नुकसान होऊ लागलं म्हणून त्या झाडापर्यंत जायला आता बंदी आहे. हजार-दीड हजार वर्षांची झाडं इथे आहेत. एवढ्या झाडाचं बी टोमॅटोच्या बीएवढं. खोडाची साल फूटभर जाड असते, त्यामुळे आग सहसा आत पोचत नाही. उन्हाळ्यात पाऊस नसतो तेव्हा समुद्रावरून येणारं धुकं पानांवर जमतं आणि थेंब थेंब खाली गळतं. "हेसुद्धा ठिबकच!" काका म्हणाले. सकाळपासूनचं ते पहिलं वाक्य.

मुक्काम उद्यानातल्याच तळावर होता. शेजारच्या माहिती केंद्रात एक गंमत पाहायला मिळाली. चार्ल्स केलॉग नावाच्या कलावंताने १९१७मध्ये पडलेल्या रेडवूडचा एक भलामोठा ओंडका आतून कोरला, ट्रकच्या सांगाड्यावर बसवला आणि त्यात राहून देशभर प्रवास केला. ही झाडं वाचवा, असं तो लोकांना सांगत हिंडला. तेव्हा लाकडासाठी जंगलं सपाट होत होती. त्या मूळ जुन्या जंगलापैकी आज जेमतेम पाच टक्के उरलंय. ते लाकडी घर अजून तिथे ठेवलेलं आहे. मावशी आत वाकून बघत म्हणाली, "यात भांडी कुठे ठेवत असतील?" काका हसले. थोडं मोकळं झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डायरव्हिलचा राक्षस पाहिला. साडेतीनशे फुटांहून उंच असलेलं हे झाड मार्च १९९१मध्ये कोसळलं. आता ते आडवं पडलंय आणि त्याच्या कडेने चालत जायला बराच वेळ लागतो. उपटलेली मुळं माणसाच्या डोक्यावरून कितीतरी वर गेलेली. पण काकांना नवल वाटलं ते मुळांच्या खोलीचं. एवढ्या झाडाला सोटमूळ नाही. मुळं जेमतेम सहा ते बारा फूट खोल जातात. मात्र आडवी शंभर फुटांपर्यंत पसरतात आणि शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंततात. त्या जोरावर ही झाडं शेकडो वर्षं वारा आणि पूर झेलतात. आणि जुनं झाड मेलं, तर त्याच्या बुंध्याभोवती नवे फुटवे गोल धरून उभे राहतात.

चार तोंडांची चूल

त्याच उद्यानात नदीकाठी एक जागा आहे. कॅलिफोर्नियातल्या महिला मंडळांच्या संघाने पैसे जमवून हा जंगलाचा तुकडा तोडीपासून वाचवला. १९१९मध्येच जवळच्या युरेका गावातल्या बायकांनी झाडं वाचवायला स्वतःची संघटना काढली होती. या वाचवलेल्या जागेत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला दगडाची एक मोठी चूल बांधली गेली. मध्ये एक धुराडं आणि चार दिशांना चार तोंडं. तिचा आराखडा जूलिया मॉर्गन यांचा. कॅलिफोर्नियात वास्तुविशारदाचा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. साल १९०४.

मावशीने पाटी वाचून अर्थ सांगितला. काका म्हणाले, "बायकांनी बांधायचं तर चूलच बांधणार!"

मावशी म्हणाली, "चूल नाही हो, जंगल त्यांचं आहे. चूल नुसती खूण आहे. नीट ऐका."

काका काही बोलले नाहीत. पण त्या दगडी कट्ट्यावर बराच वेळ बसून राहिले.

त्या जंगलात मोबाइलला रेंज नव्हती. दलालाचा फोन येऊ शकत नव्हता. तळावर रात्री आठनंतर जनरेटर चालवायचा नाही, असा नियम. एक बारीक दिवा लावून दोघं टेबलाशी बसले. बाहेर इतका काळोख, की खिडकीत आपलाच चेहरा दिसावा.

बऱ्याच वेळाने काका म्हणाले, "पोरगा परत येणार नाही. त्याचं घर, त्याचं काम बघितलं ना तू? मग कुणासाठी ठेवायची जमीन? गारा पडल्या की वर्ष जातं. माझ्यानं आता होत नाही."

अडतीस वर्षांत "माझ्यानं होत नाही" हे शब्द मावशीने त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. ती म्हणाली, "कुणासाठी म्हणजे? आपल्यासाठी. आपण आहोत ना अजून."

मग तिने बोटांवर हिशोब मांडला. वही पिंपळगावला होती, पण आकडे तोंडपाठ होते. कुठल्या तुकड्यातून किती माल निघतो, कर्ज किती उरलंय, मजुरी किती जाते. मागच्या दीड एकरातली बाग सोळा वर्षांची झाली. खर्च तिच्यावर सगळ्यात जास्त आणि माल कमी. ती काढायची, तिथे टोमॅटो करायचा, टोमॅटोचं मार्केट तर गावातच. नवी बाग ठेवायची. कर्ज फिटायला वेळ लागेल, पण जमीन हातची जाणार नाही.

काका ऐकत होते. शेवटी म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"विचारलंत कधी?"

मैत्रिणींनो, ही गोष्ट तुमच्या-माझ्या घरातली नाही का? घरात खोल्या असतात, माणसं असतात, कामं असतात. अवघड प्रश्न निघाला, की एकजण बांधावर जातो आणि दुसरी ओट्याकडे वळते. वर्षं निघून जातात. त्या चालत्या घरात वळायला जागाच नव्हती, म्हणून बोलणं झालं. त्यासाठी अमेरिकेलाच जायला हवं असं नाही. पण दोघांनीच कुठेतरी जायला हवं, एवढं मात्र मला मावशीकडे बघून पटलं.

तुम्हाला जायचं असेल तर

तुमचीही मुलं तिकडे असतील आणि मनात आलं, तर मावशीच्या वहीतल्या या सूचना उपयोगी पडतील.

सरकारी उद्यानांतल्या तळांचं आरक्षण सहा महिने आधी सुरू होतं. लवकर करा. प्रत्येक तळावर गाडीच्या लांबीची मर्यादा असते. जंगलातल्या तळांना छोटीच गाडी चालते, म्हणून भाड्याने घेतानाच विचार करा.

गाडी लिटरला साडेतीन-चार किलोमीटरच जाते. पेट्रोलचा खर्च आधी मोजा. दिवसाला दीडशे-दोनशे मैलांहून जास्त जाऊ नका.

गाडीची उंची कागदावर लिहून समोर लावा. खाली आलेल्या फांद्या आणि पेट्रोल पंपांची छपरं सांभाळा. निघण्याआधी प्रत्येक कपाटाची कडी, छताची झडप आणि गॅस दोघांनी मिळून तपासा.

उन्हाळ्याच्या शेवटी आणि शरदात वणव्याचा धोका असतो. निघण्याआधी बातम्या बघा. जंगलातलं पडलेलं लाकूड उचलायचं नसतं. सरपण तळावर विकत मिळतं.

आणि कामाची वाटणी निघण्याआधी करा. टाक्या कोण रिकाम्या करणार, हे पहिल्यांदा!

कागद निफाडला गेले

ठरल्याप्रमाणे ऑक्टोबर छाटणीच्या आत दोघं परत आले. दलालाला काकांनी स्वतःच नाही म्हणून सांगितलं. आणि एक गोष्ट मावशीला न विचारता केली. नव्या बागेच्या तीन एकरांतल्या दीड एकराचं तिच्या नावे बक्षीसपत्र करायला वकिलाकडे गेले. ही जमीन त्यांनी स्वतः घेतलेली होती, त्यामुळे अडचण नव्हती. बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवायचं आणि मग फेरफार होऊन सातबाऱ्यावर नाव लागतं. मी दिवाळीत गेले तेव्हा कागद निफाडला गेले होते.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. कर्ज आहेच. आभाळात ढग आले, की दोघंही अजून झोपत नाहीत. पण आता दोघं एकाच खाटेवर बसून जागतात आणि बोलतात.

काही महिन्यांनी मावशीचा फोन आला. तिने सातबाऱ्याचा फोटो पाठवला होता. मी अभिनंदन केलं.

"अगं, नाव लागलं खरं," ती म्हणाली, "पण पहिलं काम काय केलं माहीत आहे? डिपिंगच्या बायकांची मजुरी वाढवली. इतकी वर्षं यांना सांगत होते. आता माझ्या दीड एकरात माझा भाव!"

मागून काकांचा आवाज आला, "आणि माझ्या दीड एकरात कुणी येईना झालंय, तेही सांग तिला!"

पाठोपाठ कप विसळल्याचा आवाज आला. पाणी अगदी थोडंच होतं.